पेले, लहानमोठे

आठल्ये सरांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करून बघायचे. मग सुलट करून वाचायचे. सुपरमार्केटची पावती, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, काही असो. एकदा मी त्यांना भाचीचा साखरपुड्यातला फोटो दाखवला, तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आधी फोटोची पाठ न्याहाळली. तिथे स्टुडिओचा शिक्का होता. तो मन लावून वाचून झाल्यावर मग म्हणाले, "छान आहे हो मुलगी."

आमची ओळखही अशीच झाली. हेगजवळच्या फोरबर्गमधल्या त्या इमारतीत राहायला येऊन मला आठवडा झाला होता. खाली टपालपेट्यांपाशी उभी राहून मी खेमेंतेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र वाचत होते. वाचत कसली, फोन त्याच्यावर धरून इंग्रजी करून घेत होते. पाठीमागून आवाज आला, "मागे बघितलंत का?"

अस्सल मराठीत. मी दचकून मागे वळले.

"तुमच्या मागे नव्हे, कागदाच्या मागे."

कागदाच्या मागे सही करून परत पाठवायचा अख्खा फॉर्म होता. पाटीवरचं माझं आडनाव त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं, आणि मी टपाल काढायला केव्हा उतरते याची वाट बघत होते, हे त्यांनी पुढे कधीतरी कबूल केलं. ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. तळमजल्यावर योकेबाई नावाची एक डच म्हातारी. मी सॉफ्टवेअरमधली, पुण्याहून आलेली. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपलेला.

सर मूळचे कोकणातल्या एका छोट्या बंदराचे. बंदराचं नाव मी सांगणार नाही. तिथे माणसं राहतात अजून. तरुणपणी तिथल्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. मोडी वाचायचा नाद होता, त्यापायी दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळवून डच कागद वाचायला इकडे आले आणि राहिले ते राहिलेच. एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. पत्नी वारल्या. मुलगा आइंडहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. या सगळ्याबद्दल सर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. बोलायचे ते नागोशेटबद्दल.

नागोशेट हा त्यांच्या बंदरातला जुन्या काळातला व्यापारी. दुष्काळात त्याने घरासमोर चुली मांडून उपाशी माणसांना पेज वाढली, अशी गावात कथा होती. सरांनी त्याचा पुरावा शोधून काढला, एका मोडी पत्रात. आणि इकडे हेगच्या सरकारी दफ्तरखान्यात त्याच हंगामातली डच वखारीची यादी सापडली. नागोशेटकडून आलेला माल: कापड, मिरी, आणि सत्तावीस पेले, लहानमोठे. या दोन कागदांवर सरांचं एकुलतं एक पुस्तक उभं होतं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ते छापलं. त्यात पेल्यांवर अख्खं प्रकरण होतं: हा शेट नुसता मिरीवाला नव्हता, त्याच्याकडे चिनी मातीची नाजूक भांडी यायची-जायची, त्याला रसिकता होती, वगैरे. गावाने ते प्रकरण उचलून धरलं. शाळेच्या सभागृहात भिंतभर चित्र काढलं: नागोशेट उभा, हातात निळ्या नक्षीचा पेला, समोर उघडं पोर, आणि शेट वाकून त्या पोराला पेल्यातून पेज देतोय. दर स्नेहसंमेलनाला त्या चित्रासमोर मुलांना पेज वाढतात. पेज पूर्वीपासूनच होती. पेला सरांचा.

सरांच्या फडताळातही तसाच एक निळा पेला होता, इथल्या जुन्या बाजारातून आणलेला. मान्यवर पाहुण्याला चहा त्यातून. मला तो तिसऱ्या भेटीत मिळाला, तेव्हा मी लायक ठरले असं समजले.

शिकवायची खोड काही गेली नव्हती. मी "ऐकलंय की" अशी सुरुवात केली की लगेच, "कोणाकडून?" मी नाव सांगितलं की, "त्याला कोणी सांगितलं?" दोन पायऱ्यांत माझं ऐकीव ज्ञान उघडं पडायचं आणि सर खूश होऊन बिस्किटाचा डबा पुढे करायचे. वैताग यायचा, पण मी जायचे. परक्या गावात आपल्याला आपल्या भाषेत झापणारं कोणी असणं हे सुख असतं, आणि ते मला पुरेसं वाटत होतं.

मग महामारी आली. त्या दिवसांबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय, म्हणून मी फार लिहीत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑफिस, त्याच टेबलावर जेवण, आणि अधूनमधून इथले पंतप्रधान टीव्हीवर येऊन सांगणार की अजून तीन आठवडे. मला सारखी झोप यायची आणि झोपले की झोप यायची नाही. सरांचा मुलगा येऊ शकत नव्हता. येऊ नकोस असं सरांनीच बजावलं होतं. त्यांचं वाणसामान मी आणायचे. पिशवी दाराशी ठेवायची, बेल वाजवायची आणि जिन्यावर दीड मीटर मागे सरून उभं राहायचं. ते दारात खुर्ची टाकून बसायचे, मी वरच्या पायरीवर. चहा ज्याचा त्याने आपल्या घरून आणायचा. आमच्या गप्पा त्या जिन्यावर व्हायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांतलं मला तेवढंच काय ते नीट आठवतं.

त्या उन्हाळ्यात इथे वसाहती लुटणाऱ्या जुन्या दर्यावर्दींच्या पुतळ्यांवर निषेधाचा लाल रंग पडायला लागला होता. मी बातमी वाचून दाखवली आणि म्हटलं, बरं झालं. सर थकल्यासारखे हसले.

"पुतळा लावला तेव्हाही लोक असंच म्हणाले असतील. बरं झालं."

"मग सर, लावूच द्यायचे का?"

"मी कुठे तसं म्हटलं? आधी वाचा. मग काढा नाहीतर लावा. रंग ओतणाऱ्यांतल्या काहींनी वाचलंय. लावणाऱ्यांनी कितपत वाचलं होतं, शंका आहे."

तिकडे गावात, सरांचा जुना विद्यार्थी आणि आता शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष असलेला सुहास त्यांना आठवड्याला फोन करत होता. शाळेचा मोठा वाढदिवस येत होता, पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती, नव्या इमारतीला नागोशेटचं नाव द्यायचं होतं. "सर, फक्त दोन शब्द नवी प्रस्तावना," तो म्हणायचा. सर रोज सकाळी वही उघडून बसत होते. मला वाटायचं, म्हातारपणी आपलं पुस्तक पुन्हा छापलं जाणं यापेक्षा आणखी काय हवं असतं माणसाला.

त्या शरद ऋतूत योकेबाईंनी इमारतीतल्या सगळ्यांच्या दारातून एकेक कार्ड आत टाकलं. त्यावर सूर्यफूल आणि दोन शब्द: कॉप ऑप. म्हणजे डोकं वर. धीर सोडू नका. इथे सगळेच एकमेकांना म्हणतात तसं. मी ते फ्रिजवर लावलं आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेले तर सर दारात नव्हते. दार उघडं होतं. आत टेबलावर ते कार्ड, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलेली जुनी पिवळट वही.

"कॉप म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं.

"कप. आणि डोकं."

"मी शिकलेला पहिला डच शब्द. कँटीनमध्ये. एक कॉप कॉफी. त्या वर्षी मला तेवढाच अर्थ ठाऊक होता." वही त्यांनी माझ्याकडे सरकवली. "आणि ती यादी मी त्याच वर्षी उतरवून घेतली. सत्तावीस कॉपन, लहानमोठे."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं: सत्तावीस डोकी.

"अहो, पण एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं दोन्ही अर्थ मला पाठ आहेत. रोज वापरतो. पण त्या ओळीकडे पुन्हा गेलोच नाही. गेलो असतो तर लगेच दिसलं असतं. जे आपण एकदा छापलं, ते कोण वाचतो पुन्हा?" मग म्हणाले, "बरं, दुसऱ्या कोणी पकडावं तर पुस्तक मराठीत. मराठी वाचणाऱ्याला डच येत नाही, डच वाचणाऱ्याला मराठी. मधे मी एकटाच."

मी अजून आशा सोडली नव्हती. पेलेही असतील, म्हटलं. अशा यादीत कप असू शकतात की. तेव्हा सर जे म्हणाले ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी पान उलटलं नव्हतं."

ती गोष्ट त्यांनी मला पूर्वी एकदा गमतीने सांगितली होती. दफ्तरखान्यात तेव्हा फोटो काढू देत नसत. सगळं पेन्सिलीने उतरवायचं. पाच वाजायला आले, पहारेकरी किल्ल्या वाजवायला लागला, सरांची गाडी चुकणार होती. ते पान संपलं तशी त्यांनी वही मिटली आणि स्टेशनकडे धावले. दुसऱ्या दिवशी दुसरं दफ्तर समोर आलं, आणि हे पान उलटायचं राहून गेलं. त्यानंतरच ती मागे बघायची सवय लागली का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सवय आधीचीच आहे, विद्यार्थ्यांना तेच शिकवायचो, म्हणून तर लाज वाटते.

दफ्तरखाना बंद होता, पण कागदांचे फोटो आता घरबसल्या बघता येत होते. सरांना ते जमत नव्हतं, म्हणून मी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ते दफ्तर शोधलं. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी सापडलं. पानाच्या पुढच्या बाजूला त्यांनी उतरवलं होतं तेच होतं, अक्षर न् अक्षर. मी पानाच्या मागच्या बाजूचं चित्र उघडलं आणि लॅपटॉप पायरीवर ठेवून वर सरकले. सर तोंडाला फडकं बांधून खाली वाकले. बराच वेळ वाचत होते. मग सरळ झाले.

"जहाजावर चढवायच्या आधी किनाऱ्यावर एक मेलं," ते म्हणाले. "लहानांपैकी."

पेला मरत नाही, एवढं मलाही कळत होतं. खाली योकेबाईंचा रेडिओ लागलेला होता.

त्यानंतर सरांनी निळा पेला फडताळात ठेवला तो पुन्हा काढला नाही. चहा स्टीलच्या भांड्यातून घ्यायला लागले. मी मात्र संतापले होते, आणि संतापायला मला फार वाव होता, कारण पुस्तक माझं नव्हतं. म्हटलं, म्हणजे पेजेच्या आमिषाने बोलावून घेतलं आणि विकलं हो! सरांनी हात वर केला, वर्गात करत असतील तसा.

"कोणाकडून कळलं?"

"अहो, उघड आहे. तोच हंगाम, तोच माणूस."

"पेज खाल्लेलीच माणसं विकली, याचा कागद आहे तुझ्याकडे? माझ्याकडे नाही. लिहायचं नाही."

"मग ती माणसं कुठून आली?"

"माहीत नाही. असंच लिहायचं. माहीत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "पेज वाढल्याचं पत्र खरं आहे, मृणाल. ते खोटं ठरवू नकोस. तेच तर अवघड आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती कोणी सांगितली नसती तरी चाललं असतं. कार्ड पडल्यानंतर दोनेक आठवड्यांनी. पाऊस होता, जिना गार होता, आम्ही दोघेही कंटाळलेलो होतो.

"खरं सांगू? तेव्हा मला शब्द कळला असता, तरी मी तो तळटीपेत टाकला असता. 'काही गुलामही पाठवले.' एक ओळ. आम्ही तेव्हा जहाजं बघायचो, जकात बघायचो, शेट किती मोठा होता ते बघायचो. सत्तावीस माणसांवर प्रकरण लिहायचं, हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. सत्तावीस पेल्यांवर मात्र लिहिलं." त्यांना हसू आलं, आणि ते ऐकवत नव्हतं.

सुहासशी बोलणं माझ्या देखतच झालं. फोन स्पीकरवर होता, कारण सरांना आता कमी ऐकू यायचं. सुहासने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, आता ह्या वयात कशाला? कोण बघायला चाललंय ती यादी?"

"मी बघितली ना."

"तसं नाही सर. त्या काळी सगळेच करायचे. आजच्या मापाने त्यांना मोजून कसं चालेल?"

"त्या काळी सगळे करायचे, हे तुला विकणाऱ्यांच्या कागदावरून कळतं, सुहास. त्या सत्तावीस जणांना विचारलं असतंस, तर त्या काळीही त्यांनी वेगळं सांगितलं असतं."

"पण सर, आमची मुलं दर वर्षी पेज खातात हो त्याच्या नावाने. त्यांना काय सांगू?" हे तो वाद घालायला म्हणत नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता, आणि तो मला तेवढ्यापुरता आवडला.

"पेज खाऊ देत," सर म्हणाले. "पुस्तकात शुद्धिपत्र घाल. दोन रकाने. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. एकच ओळ आहे. पण शेवटी नको, पहिल्या पानावर. शेवटी कोणी बघत नाही."

"समितीपुढे ठेवतो," सुहास म्हणाला.

समिती म्हणजे काय ते सरांना ठाऊक होतं. तरीही ते वाट बघत राहिले. प्रस्तावनेची वही मिटून टाकली होती. रोज सकाळी मी कामाला बसायच्या आधी खाली डोकावले की एकच प्रश्न, "सुहासचं काही?" नाताळ गेला. इमारतीत कोणी दिवे लावले, कोणी नाही. वयस्कांना लशीची पत्रं यायला लागली. सरांनी ते पत्र उलटं करून बघितलं, मागे काही नव्हतं, आणि तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. त्याआधीच त्यांना ताप आला.

हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरगुती डॉक्टरने, फोनवर श्वास ऐकला आणि रुग्णवाहिका बोलावली. सकाळचे दहा वाजले होते. पिवळ्या कपड्यांतली दोन माणसं वर आली. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे वरच्या पायऱ्यांवर थांबले, खाली काय न्यायचं ते ओरडून विचारत राहिले. चष्मा, चार्जर, कवळीची डबी. मुलाशी बोलणं झालं होतं. तो निघाला होता, पण आत सोडणार नव्हते हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

सुहासचा निरोप आदल्या दिवशीच माझ्या फोनवर आला होता. सर तापात होते म्हणून मी दाखवला नव्हता. आता दाखवायला हवा होता, आणि नकोही होता. खुर्चीत बांधून त्यांना खाली उतरवलं, मी मागोमाग उतरले, आणि दाराबाहेर त्यांनी मास्कमधून विचारलंच, "सुहासचं काही?"

मी त्या पिवळ्या माणसाला विनवलं. त्याने हातमोज्याने फोन घेऊन सरांच्या डोळ्यांसमोर धरला.

सुहासने लिहिलं होतं: समितीने आवृत्ती तूर्त पुढे ढकलली आहे. पण सरांची सूचना मान्य करून भिंतीवरच्या चित्रात दुरुस्ती केली आहे. पेला काढला. सरांना बरं वाटेल. खाली फोटो.

फोटोत नागोशेट तसाच उभा होता, तसाच वाकलेला. हातातल्या पेल्यावर भिंतीचा रंग फासला होता. पोर खालीच होतं. आता शेटच्या पुढे आलेल्या हातात काही नव्हतं, बोटं नुसती खाली झुकलेली, नेमकी पोराच्या डोक्यावर.

सरांनी बोट वर करून खूण केली, तशी त्या माणसाने चित्र मोठं केलं. सर बघत राहिले. मला वाटलं त्यांना दिसत नाहीये.

"शेट मोजतोय," ते म्हणाले.

त्यांनी दम घेतला, मग दुसरं वाक्य. "डावा रकाना केला त्यांनी. उजवा राहिला."

मी म्हटलं, "मी बघते सर." काय बघणार होते कोण जाणे. रुग्णवाहिकेत चढवल्यावर दुसऱ्या माणसाने त्यांच्या मांडीवर इस्पितळाच्या फोन नंबरांचा कागद ठेवला आणि एकेक दार लावायला घेतलं. एक दार लागलं. दुसरं लागेपर्यंत मला दिसत होतं, सरांनी तो कागद उचलला होता आणि दोन्ही हातांनी सावकाश उलटा करत होते.

ते परतले नाहीत. मुलाने घर रिकामं केलं तेव्हा निळा पेला मला घ्यायला सांगितला. मी त्याऐवजी पुस्तक मागून घेतलं. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. निघाली तर त्यात हे असेल असं मला वाटत नाही, म्हणून इथे लिहिते.

पान चौसष्ट, ओळ अकरा. छापले आहे: सत्तावीस पेले, लहानमोठे. त्याऐवजी वाचावे: सत्तावीस माणसे, लहानमोठी. पैकी लहान एक किनाऱ्यावर वारले. कुठून आणली होती, माहीत नाही.